नेत्राच्या पायाचं गाऱ्हाणं

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला कोणी सांगायला नको. वीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर आहे मी, दिंडोशी डेपोला. दुसऱ्याचा पास घेऊन चढणारे, एका स्टॉपचं तिकीट काढून चार स्टॉप झोपणारे, दारात उभं राहून वर मलाच अक्कल शिकवणारे, सगळ्यांना पुरून उरलेय. त्यामुळे आमच्या घरात काही वाजलं की पहिला आवाज हेमांगीचा, हे ठरलेलंच. पण सख्ख्या भावाची तक्रार सरकारदरबारी करेन, असं मला स्वतःलासुद्धा कधी वाटलं नव्हतं. केली. आणि आज पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करेन.

माझा भाऊ हर्षद. माझ्याहून धाकटा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. कांजूरमार्गला बाबांनी गिरणीच्या पैशांतून घेतलेली खोली आहे, तिथे तो, त्याची बायको श्वेता आणि नेत्रा. नेत्रा त्यांची एकुलती एक, बारा वर्षांची, सातवीत. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझा सगळा जीव त्या कार्टीत. तिचं तोंड माझ्यावर गेलेलं. पाहुणे आले की माझी नक्कल करून दाखवायची. पदर खोचायची, गळ्यात पर्स अडकवायची आणि ओरडायची, "अहो काका, पुढे सरका, मागे काय लग्न लागलंय?" अख्खी चाळ हसायची. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिचा उजवा गुडघा सुजला. आधी वाटलं शाळेत पडली असेल. आयोडेक्स लावून झालं, हळदीचा लेप झाला. सूज उतरेना म्हणून घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं, तर तिथल्या तपासणीत हाडाचा कॅन्सर निघाला. मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या वर. श्वेता तिथेच बाकावर बसली ती उठेचना. केमो सुरू झाली. पोरीचे केस गेले, उलट्या करून करून ती चिपाडासारखी झाली. मग डॉक्टर निमेशनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, की गाठ रक्ताच्या नळ्यांना गुंडाळून बसलीय. नुसती गाठ काढता येणार नाही, पाय मांडीतून काढावा लागेल. अजून फुफ्फुसं स्वच्छ आहेत. आत्ता केलं तर मुलगी बरी व्हायची चांगली शक्यता आहे, पुढे नकली पाय लावता येतो, मुलं शाळेतसुद्धा जातात. तारीखही दिली, गणपतीनंतरची.

हर्षद म्हणाला, "गावी जाऊन येतो, मग बघू."

कोकणातला माणूस गणपतीला गावी गेला नाही तर तो मेला असं समजतात, त्यामुळे मी काही बोलले नाही. मला रजा मिळाली नाही. तिथेच माशी शिंकली. गावी जाऊन भावाने ग्रामदैवताला, रवळनाथाला, कौल लावला.

कौल म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडे आणि डावीकडे. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपला प्रश्न मोठ्याने मांडतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. जमिनीची वाटणी, पोरीचं स्थळ, विहीर कुठे खणायची, सगळं आमच्या गावात असं ठरलेलं आहे. मी काही नास्तिक नाही. मीही बेस्टच्या परीक्षेआधी कौल लावला होता.

गणपती विसर्जन करून सगळे परत आले आणि हर्षदने हॉस्पिटलात जाऊन सांगितलं की ऑपरेशन करायचं नाही. केमोही बंद. लिहून दिलं, पोरीला घरी घेऊन आला. मला कळलं ते श्वेताच्या फोनवरून, आणि तीही रडता रडता. मी ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच कांजूरमार्गला गेले. चपला काढायच्या आधीच सुरू झाले.

"डोकं फिरलंय का रे तुझं?"

"ताई, देवाने कौल दिलाय. पाय राहणार आहे तिचा."

"काय विचारलंस देवाला?"

"गाऱ्हाणं धोंडू गुरवाने घातलं."

"ते मला माहितेय. शब्द काय होते?"

हर्षद खाली बघून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचो पाय शाबूत रवतलो असात, तर उजवो कौल दी, म्हाराजा. सगळे होय म्हाराजा म्हणाले. आणि लगेच पडली उजवी पाकळी. वेळ पण नाही लागला, ताई."

"आणि पोर जगेल काय, हे विचारलंस?"

श्वेताने गॅस बंद केला. आतल्या खोलीत नेत्रा मोबाईल बघत होती, तिनेही आवाज बंद केला, ते मला ऐकू आलं.

"बोल ना रे! पायाचं विचारलंस, पोरीचं नाही विचारलंस? देव काय करणार मग, जे विचारलं तेवढंच सांगणार ना?"

"छाती झाली नाही माझी," हर्षद म्हणाला. "डावी पडली असती तर मी काय केलं असतं, सांग."

आता वाटतं, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण मला संताप आवरला नाही. मी त्याला भेकड म्हटलं, मूर्ख म्हटलं, बाबा असते तर कानफटात मारली असती म्हटलं. मग तोही चवताळला.

"तुला काय जातंय बोलायला? मालन आत्ते आठवते ना तुला? माझी पोर तशी नाही जगायची. कळलं?"

मालन आत्ते म्हणजे बाबांची बहीण. लहानपणी ताप येऊन तिचा पाय वाळला. तिचं लग्न झालं नाही, शाळा झाली नाही. गावच्या घरात मागच्या पडवीत बसून ती जन्मभर तांदूळ निवडायची आणि पाहुणे आले की आत सरकायची. आम्ही मे महिन्यात गेलो की हर्षद तिच्या मांडीवर झोपायचा. ती गेली तेव्हा तो पोरांसारखा रडला होता. त्यामुळे त्याची भीती खोटी नव्हती. पण म्हणून काय पोरीला मरू द्यायचं? मी तेच बोलले आणि पाय आपटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. तिथे चैतन्य नावाचा समाजसेवक आहे, कॅन्सरच्या मुलांच्या घरच्यांशी बोलायचं त्याचं काम. त्याला म्हटलं, "तुम्ही पोरीला असंच कसं सोडलंत?"

"मॅडम, आई-वडील नाही म्हणाले तर आम्ही चाकू लावू शकत नाही. दोनदा घरी जाऊन आलो मी. तुमच्या भावाने दार लावून घेतलं."

"मग काय, वाट बघत बसायचं?"

तो म्हणाला, "बालकल्याण समिती असते. आई-वडिलांच्या निर्णयाने मुलाच्या जिवाला धोका असेल तर ती मध्ये पडू शकते. आम्ही कळवणारच आहोत. पण घरातलं कोणी बोललं तर लवकर ऐकतील."

घरातलं कोणी म्हणजे मीच. बाहेर येऊन चहा घेतला. हर्षद पाचवीत असताना त्याच्या मास्तरांना मी शाळेत जाऊन झापलं होतं, कोणी त्याला बोट लावलं की मी धावून जायचे. आणि आता त्याच्याविरुद्ध अर्ज. पण नेत्राची सूज रोज वाढत होती. मी अर्ज दिला. खाली सही केली, हेमांगी लहू परब, नातं आत्या.

समितीचं ऑफिस मानखुर्दला. पहिल्या तारखेला मी गेले, चैतन्य आला, डॉक्टरांचा रिपोर्ट आला, हर्षद आलाच नाही. नोटीस मिळाल्याबरोबर तो श्वेताला आणि नेत्राला घेऊन गावी गेला होता, सावंतवाडीकडच्या कोणा वैदूकडे. वैदू झाडपाल्याचा लेप लावायचा आणि गाठ विरघळेल म्हणायचा. समितीने तिकडच्या पोलिसांना कळवलं, पोलीस गेले तर हे दुसऱ्या नातेवाईकाकडे. दिवाळी तिकडेच गेली. मी डेपोत फराळाचे डबे आले तर हात लावला नाही. रोज फोन करायचे, हर्षद कट करायचा. एकदा नेत्रानेच उचलला. "आत्या, पाय लय दुखतो गं. पण पप्पांना सांगू नको हां, ते लगेच देवळात जातात."

तुळशीचं लग्न झाल्यावर ते आले. पोलिसांनी शोधून आणले म्हणा. हर्षद दाढी वाढलेला, डोळे आत गेलेले. नेत्राला त्याने दोन्ही हातांवर उचलून समितीच्या जिन्यावरून वर आणलं. गुडघा आता नारळाएवढा झाला होता.

अध्यक्षा मॅडम शांत बाई. मला वाटलं होतं हर्षदला फैलावर घेतील. मनातून तशी इच्छाही होती माझी. पण त्यांनी त्याला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "परब, तुमचा देव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तुमचं मुलीवर प्रेम नाही असंही नाही. आई-वडिलांचा हक्क मोठा असतो. पण तो मुलाच्या हितासाठी असतो. माझ्यापुढे एकच प्रश्न आहे, नेत्राचं हित कशात आहे. तुमचं नाही, घराण्याचं नाही, तिचं."

हर्षद म्हणाला, "तिचं हित मला नाही कळणार तर कोणाला?"

मॅडमनी समोरची फाईल मिटली. त्यांनी विचारलं, "नेत्राशी कोणी बोललंय का? तिला काय झालंय आणि काय करायचं चाललंय, ते तिला कोणी सांगितलं?"

हर्षदने माझ्याकडे बघितलं, मी श्वेताकडे, श्वेताने जमिनीकडे. देवाला विचारून झालं होतं, डॉक्टरला, वैदूला, सगळ्यांना विचारून झालं होतं. एवढी बडबडी मी, मीसुद्धा पोरीशी बोलले नव्हते. वाटलं होतं, लहान आहे, तिला काय सांगायचं. मला स्वतःची लाज वाटली.

मॅडम नेत्राला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नंतर नेत्रानेच मला सांगितलं, "मी म्हटलं, जगणार असेन तर कापा. एका पायाने पण मी तुझी नक्कल करू शकते."

ऑर्डर निघाली. उपचार चालू आहेत तोवर नेत्राच्या उपचारांचा निर्णय तिच्या आत्याच्या हातात, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आई-वडिलांनी भेटायचं, जवळ राहायचं, पण अडवायचं नाही. कायद्यात अशा माणसाला योग्य व्यक्ती म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी योग्य म्हटलं आणि मला घाम फुटला. बाहेर जिन्यात हर्षद म्हणाला, "झालं समाधान? घे, काप आता माझ्या पोरीला."

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. डॉक्टर निमेशनी आम्हा तिघांना बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. बसमध्ये चढणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळतं हा तिकीट काढणार की नाही, तसं.

"फुफ्फुसात गेलंय," ते म्हणाले. "दोन्हीकडे. एक-दोन ठिपके नाहीत, बरेच आहेत."

श्वेताने तोंडाला पदर लावला. डॉक्टर हळूहळू सांगत राहिले. आता पाय काढला तरी आजार निघणार नाही. तरी कोणाला प्रयत्न करायचाच असेल तर पाय काढायचा, मग आधीपेक्षा जोरदार केमो, कित्येक महिने वॉर्डात. त्यातून फार थोडी मुलं तरतात, बहुतेक नाही. दुसरा रस्ता म्हणजे गाठीला रेडिएशनचा शेक देऊन दुखणं कमी करायचं, वेदनेची चांगली औषधं द्यायची, आणि घरी न्यायचं.

"तुम्ही काय कराल, डॉक्टर?" मी विचारलं.

"माझी मुलगी असती तर मी घरी नेली असती. पण प्रयत्न करायचा म्हणालात तर मी चूक म्हणणार नाही."

तेवढ्यात हर्षद उठला. टेबलाला धरून उभा राहिला. "डॉक्टर, उशीर झाला म्हणून झालं का हे? आम्ही तेव्हाच केलं असतं तर..."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. खोटं बोलणारा माणूस नाही तो. मी मध्येच ओरडले, "त्याचा आता काय उपयोग? पुढचं बोला ना!" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी पुढचं सांगायला घेतलं. मी काही मोठेपणा केला नाही. मला एवढंच दिसलं की हा आत्ता इथे मोडून पडेल.

बाहेर आल्यावर त्याने माझे पाय धरले. वॉर्डाच्या दारात, सगळ्या लोकांसमोर, माझ्या भावाने.

"ताई, सही कर. कापू दे. पाय काप, हात काप, काय वाटेल ते काप, पण पोरीला वाचव. तुझ्या हातात आहे. तूच भांडलीस ना कापायला? मग कर ना आता!"

"ऊठ हर्षद. लोकं बघतायत."

"तू सही करतेस की नाही?"

मी भिंतीला टेकले. माझंही मन तिकडेच ओढत होतं. फार थोडी मुलं तरतात म्हणजे कोणीतरी तरतं ना? मग ते कोणीतरी आमची नेत्रा का नसेल? एवढी भांडून आणलेली ऑर्डर खिशात ठेवून मी हात वर करायचे? श्वेता तोवर एक शब्द बोलली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती आम्हा दोघांच्या आवाजाखाली दबलेली. ती माझ्या जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "वन्सं, तिला विचारा. आता तरी तिला विचारा."

नेत्रा खिडकीजवळच्या खाटेवर होती. डोक्याला माझाच जुना रुमाल. मी स्टूल ओढून बसले आणि कुठून सुरू करावं ते कळेना. तीच म्हणाली, "खोटं बोलू नकोस हां. खोटं बोललीस की तुझा आवाज बारीक होतो."

मग मी खरं सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, पण खोटं एकही नाही. आजार छातीत गेलाय. पाय काढून तो निघणार नाही, असं डॉक्टरांना वाटतं. तरी प्रयत्न करता येईल.

"प्रयत्न केला तर घरी कधी?"

"माहीत नाही गं. खूप महिने."

"उलट्या?"

"हो. आधीपेक्षा जास्त."

"आणि नाही केला तर?"

"तर थोड्या दिवसांत घरी."

"आणि मग?"

मी मान हलवली. तिला कळलं. बारा वर्षांची पोर, तिला कळलं. तिने तोंड खिडकीकडे केलं आणि बराच वेळ रडली, आवाज न करता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. काय बोलणार? देवा, असलं कोणावर आणू नकोस.

मग तिने नाक पुसलं. "मला घरी जायचंय आत्या. मला आता इथे नको. मला आईच्या बाजूला झोपायचंय."

"नक्की? उद्या बदललंस तरी चालेल."

"नक्की. पण पप्पांना सांगू नकोस मी असं म्हटलं. त्यांना वाटेल मला त्यांच्यासाठी जगायचं नाही. तू सांग तू ठरवलंस. तुझ्यावर ओरडले तरी तुला काय फरक पडतो, तू परत ओरडशील."

"बरं," मी म्हटलं.

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

समितीला कळवावं लागलं. अध्यक्षा मॅडम स्वतः हॉस्पिटलात आल्या, डॉक्टरांशी बोलल्या, पडदा ओढून नेत्राशी बोलल्या. बाहेर येऊन हर्षदला एवढंच म्हणाल्या, "आत्याचा निर्णय मुलीच्या हिताचा आहे, समितीला तो मान्य आहे." जाताना त्यांनी माझा हात दाबला. म्हणजे नेत्राने त्यांनाही शप्पथ घातली होती.

हर्षदला पटलं नाही. कसं पटणार? त्याच्या डोळ्यांपुढे मी आधी पोरीचा पाय तोडायला निघालेली होते, आणि तो हो म्हणाल्यावर मीच माघार घेतली होती. तो म्हणाला, "तुला माझ्याशी जिंकायचं होतं फक्त." मी नेहमीसारखी तोंडावर फेकू शकले असते. की बाबा रे, तुझ्या पोरीनेच सांगितलंय. की गणपतीनंतर तू मुकाट्याने हो म्हणाला असतास तर आज ही वेळच आली नसती. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर होती. मी पाणी प्यायले.

नेत्रा घरी आली. शेकाने आणि औषधांनी तिचं दुखणं बरंच कमी झालं. श्वेताच्या कुशीत झोपायची, चाळीतल्या मैत्रिणी यायच्या, कॅरम खेळायच्या. हर्षद कामावरून आला की तिच्या पायाशी बसायचा, तेल लावून द्यायचा. ती त्याला लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. मी गेले की तो उठून गॅलरीत जायचा. संक्रांतीला तिने हट्टाने तिळाचे लाडू खाल्ले. मग श्वास अपुरा पडायला लागला. डॉक्टरांचा माणूस घरी येऊन औषध वाढवून गेला. माघात एका दुपारी ती गेली, आईच्या मांडीवर. हर्षद खाली ऑक्सिजनच्या सिलिंडरवाल्याला रस्ता दाखवायला गेला होता. तेवढंही त्याच्या नशिबात नव्हतं.

बाराव्याला खोलीत आणि बाहेर गॅलरीत माणसं मावेनात. भांडुपची, डोंबिवलीची, गावाहून आलेली. धोंडू गुरवही आला होता बिचारा, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. त्याला बघून सगळे कुजबुजायला लागले. कोणीतरी म्हातारा म्हणाला, "कौल लावल्यानी, थंयच चुकला." दुसरा म्हणाला, "बापानेच वेळ घालवली म्हणतात." हर्षद दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याचा चेहरा मी बघितला. लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघणाऱ्या माणसाचा असावा तसा तो चेहरा होता. तो ज्या इमारतींवर काम करतो त्यांच्या गच्चीच्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात, हे माझ्या मनात आलं.

मग त्याची नजर माझ्यावर आली. बोट माझ्याकडे करून तो ओरडला, "हिने मारली! हिने माझ्याकडून काढून घेतली माझी पोर. मी पाय धरले हिचे, सही कर म्हटलं. नाही केली. हिनेच मारली नेत्राला!"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. श्वेता भांडी बाजूला ठेवून उठली. "ऐका हो, वन्संनी नाही, नेत्रानेच..."

"श्वेता, गप बस," मी म्हटलं. असा आवाज मी तिच्यावर कधी चढवला नव्हता. "खरं बोलतोय तो. मीच नाही म्हटलं. माझाच निर्णय होता."

"ऐकलंत?" हर्षद रडत म्हणाला. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं सगळ्यांनी," मी म्हटलं. "आता पानं वाढा. माणसं सकाळपासून उपाशी बसलीत."

मी स्वतः वाढायला घेतलं. अर्ध्या लोकांनी माझ्या हातचा भात घेतला नाही, श्वेताकडून घेतला. हर्षद त्यानंतर माझ्याशी आजपर्यंत बोललेला नाही. माझं नाव निघालं की शिव्या देतो. पण कामावर जातो, वेळेवर घरी येतो, दोन घास जेवतो. श्वेता सांगते मला फोनवर.